जे.आर.डी. टाटा

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा (२९ जुलै, इ.स. १९०४:पॅरिस, फ्रान्स - २९ नोव्हेंबर, इ.स. १९९३:जिनिव्हा, स्वित्झर्लंड) हे भारतीय वैमानिक, उद्योजक आणि भारतातील नागरी विमान वाहतुकीचे प्रवर्तक होते. भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांच्या नावे आहे. इ.स. १९३२ मध्ये त्यांनी टाटा समूहाची हवाई टपाल सेवा सुरू केली. याच सेवेतून पुढे एअर इंडिया ही कंपनी उभी राहिली. इ.स. १९३८ पासून अर्धशतकाहून अधिक काळ ते टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष होते. इ.स. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. पोलाद, रसायने आणि मोटार उद्योगातील त्यांच्या कार्यामुळे ते उद्योगपती म्हणून अधिक परिचित आहेत. तथापि आयुष्याच्या आरंभापासून उतारवयापर्यंत त्यांची ओढ लहान, एका इंजिनाच्या विमानाकडेच राहिली. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्यांच्या आयुष्याच्या या बाजूची माहिती दिली आहे.

बालपण

जे.आर.डी. यांचे वडील रतनजी दादाभॉय टाटा हे जमशेटजी टाटा यांचे आप्त व व्यवसायातील सहकारी होते. आई सुझान ब्रिएर या फ्रेंच होत्या. विवाहानंतर त्यांनी सूनी हे नाव स्वीकारले. मुलांचे बालपण फ्रान्स, भारत आणि जपान अशा तीन देशांत विभागले गेले. त्यामुळे जे.आर.डी. यांचे शिक्षण सलग एका ठिकाणी झाले नाही.

उत्तर फ्रान्समधील हार्देलो या समुद्रकाठच्या गावी टाटा कुटुंबाचे उन्हाळी घर होते. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरियो यांचेही घर तेथेच होते. ब्लेरियो यांनी २५ जुलै १९०९ रोजी हे उड्डाण केले, तेव्हा जे.आर.डी. पाच वर्षांचे होणार होते. ब्लेरियो यांची विमाने हार्देलोच्या वाळूवर उतरत असत आणि टाटांची मुले ती पाहण्यास धावत. इ.स. १९१९ मध्ये, पंधराव्या वर्षी, जे.आर.डी. यांना याच किनाऱ्यावर एका विमानातून थोडा वेळ फिरण्याची संधी मिळाली. वैमानिक होण्याचा त्यांचा निश्चय येथून सुरू झाला, असे त्यांचे चरित्रकार मानतात. मात्र हा निश्चय प्रत्यक्षात येण्यास पुढे दहा वर्षे लागली.

केंब्रिज येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेण्याची त्यांची इच्छा होती. फ्रेंच नागरिक या नात्याने त्यांना फ्रान्सच्या घोडदळात एक वर्ष सक्तीची सेवा करावी लागली. त्यानंतर वडिलांनी त्यांना केंब्रिजला न पाठवता भारतात बोलावून घेतले. इ.स. १९२५ च्या अखेरीस ते टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडिलांचे निधन झाले आणि बाविसाव्या वर्षी धाकट्या भावंडांची जबाबदारी त्यांच्यावर आली. विद्यापीठाची पदवी न मिळाल्याची खंत त्यांना आयुष्यभर वाटत राहिली.

वैमानिक परवाना

विमान चालविण्याचे शिक्षण इ.स. १९२८ पूर्वी भारतात राहून घेणे जवळजवळ अशक्य होते. पहिल्या महायुद्धात इंद्रलाल रॉय, श्रीकृष्ण वेलिणकर, हरदितसिंग मलिक आदी भारतीय तरुण ब्रिटिश हवाई दलात लढले होते, परंतु त्यांचे प्रशिक्षण भारताबाहेर झाले होते. इ.स. १९२७ मध्ये एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा ही संस्था स्थापन झाली. तिच्या पुढाकाराने आणि सरकारी अनुदानाच्या बळावर दिल्ली, कराची, मुंबई व कलकत्ता येथे फ्लाइंग क्लब निघाले. मुंबईच्या क्लबचे विमान जुहू येथील सपाट, दलदलीच्या मैदानावरून उडत असे.

हे क्लब चालू शकले यामागे एका स्वस्त विमानाचा मोठा वाटा आहे. जेफ्री डी हॅविलँड यांनी तयार केलेले मॉथ हे विमान इ.स. १९२५ मध्ये प्रथम उडाले. लाकडी सांगाडा, कापडी पंख, एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका आणि चार सिलिंडरचे हवेने थंड होणारे इंजिन एवढाच त्याचा संसार होता. रिकाम्या विमानाचे वजन साडेचारशे किलोग्रॅमच्या आत होते. पंख मागे दुमडता येत असल्याने मोठ्या हँगरवाचून ते साध्या शेडमध्ये ठेवता येई. सुमारे १०० अश्वशक्तीचे जिप्सी इंजिन बसविलेली त्याची सुधारित आवृत्ती जिप्सी मॉथ या नावाने ओळखली जाते. इंग्लंडमध्ये तिची किंमत सुमारे ६५० पौंड, म्हणजे तत्कालीन विनिमय दराने साडेआठ हजारांहून थोडे अधिक रुपये होती. सामान्य भारतीय पगारदारास ही रक्कम आवाक्याबाहेरची होती हे खरे. परंतु विमान ही केवळ सैन्याने किंवा सरकारने बाळगण्याची वस्तू आहे, ही समजूत या विमानाने मोडली. आज मायक्रोलाइट विमानांकडे ज्या अपेक्षेने पाहिले जाते, तीच अपेक्षा त्या पिढीने मॉथकडून केली होती.

जे.आर.डी. मुंबईच्या क्लबचे सदस्य झाले. प्रशिक्षकासोबत केवळ पावणेचार तास उड्डाण केल्यानंतर त्यांना एकट्याने विमान नेण्याची परवानगी मिळाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. त्यावर सर व्हिक्टर ससून यांची स्वाक्षरी होती आणि क्रमांक होता एक. भारतात दिलेला हा पहिला परवाना असला, तरी जे.आर.डी. हे विमान चालविणारे पहिले भारतीय नव्हेत. या दोन गोष्टींची लोकप्रिय लेखनात नेहमी गल्लत होते. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्वाचा त्याग केला.

आगाखान स्पर्धा

इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हे अंतर ठराविक मुदतीत एकट्याने पार करणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. ही रक्कम एका जिप्सी मॉथच्या किमतीइतकीही नव्हती, तेव्हा स्पर्धकांपुढचे आकर्षण पैशाचे नव्हते हे उघड आहे. इ.स. १९३० मध्ये तीन तरुण या स्पर्धेत उतरले. रावळपिंडीचे मनमोहनसिंग यांनी आपल्या विमानाला मिस इंडिया असे नाव दिले होते. कराचीचे अस्पी इंजिनियर अवघे सतरा वर्षांचे होते. त्यांचे वडील रेल्वेत अभियंता होते. मार्च महिन्यात आर.एन. चावला यांच्यासोबत ते कराचीहून इंग्लंडला उडत गेले होते. आता परतीचा प्रवास त्यांनी एकट्याने आरंभिला. तिसरे स्पर्धक जे.आर.डी. यांनी उलट दिशा निवडली आणि ३ मे रोजी आपल्या जिप्सी मॉथमधून कराची सोडले.

विमानात रेडिओ नव्हता. होकायंत्र, मांडीवरचा नकाशा आणि खाली दिसणारी नदी, किनारा वा लोहमार्ग यांवरच सारी भिस्त होती. इराणच्या आखाताचा किनारा, इराक आणि पॅलेस्टाइन ओलांडून जे.आर.डी. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर येथील विमानतळावर पोहोचले. तेथे अस्पी इंजिनियर अडकून पडले होते. त्यांच्या इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि सुटे प्लग त्यांनी बरोबर आणले नव्हते. जे.आर.डी. यांनी आपल्याजवळचे सुटे प्लग त्यांना दिले. अस्पी यांनी कृतज्ञतेपोटी आपले जीवरक्षक जाकीट जे.आर.डी. यांना दिले, कारण भूमध्य समुद्र ओलांडण्याचे काम आता त्यांचे होते. दोघे विरुद्ध दिशांना निघाले. अस्पी कराचीला पोहोचले तेव्हा जे.आर.डी. इंग्लंडपासून फार दूर नव्हते. पारितोषिक अस्पी यांना मिळाले. मनमोहनसिंग यांनीही प्रवास पूर्ण केला, पण तो मुदतीत बसला नाही.

प्लग दिले नसते तर जे.आर.डी. जिंकले असते, असे सरसकट लिहिले जाते. लांबच्या हवाई प्रवासात किती गोष्टी बिघडू शकतात हे पाहता असे निश्चयाने म्हणता येत नाही. या विजयामुळे अस्पी यांना हवाई दलाची वाट मोकळी झाली, हे मात्र निश्चित. इ.स. १९६० ते १९६४ या काळात ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते.

डिसेंबर १९३० मध्ये जे.आर.डी. यांचा विवाह थेल्मा विकाजी यांच्याशी झाला.

टाटा हवाई टपाल

इम्पीरियल एअरवेजची लंडनहून येणारी टपाल सेवा इ.स. १९२९ मध्ये कराचीपर्यंत आली. कराचीहून पुढे मुंबई आणि मद्रासला टपाल आगगाडीनेच जाई. ही त्रुटी भरून काढण्याची योजना नेव्हिल व्हिन्सेंट यांनी मांडली. रॉयल एअर फोर्समधून निवृत्त झालेले व्हिन्सेंट भारतभर हवाई कसरतींचे खेळ करत हिंडले होते आणि त्यांना देशातील उतरण्याजोग्या जागांची उत्तम माहिती होती. टाटा समूहाचे तत्कालीन अध्यक्ष सर दोराबजी टाटा या साहसाला प्रथम अनुकूल नव्हते. जॉन पीटरसन यांच्या मध्यस्थीने त्यांनी अखेर संमती दिली आणि दोन लाख रुपयांच्या भांडवलावर काम करण्याचे ठरले.

सरकारने आर्थिक साहाय्य देण्यास नकार दिला. अनेक प्रस्ताव बारगळल्यानंतर टाटांनी अनुदानावाचून सेवा चालविण्याची तयारी दर्शविली आणि एप्रिल १९३२ मध्ये करार झाला. दोराबजी यांचे जूनमध्ये निधन झाल्याने त्यांना पहिले उड्डाण पाहता आले नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जे.आर.डी. यांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ जातीचे विमान उडविले. सोबत सुमारे २५ किलोग्रॅम टपाल होते. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून विमानापर्यंत आणण्यात आले. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरले. तेथून दुसऱ्या पस मॉथमधून व्हिन्सेंट टपाल घेऊन निघाले, बेल्लारीला रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचले.

पस मॉथ हे मॉथ कुळातीलच विमान असले, तरी त्यात वैमानिकाला बंद कक्षात बसता येई. ते सर्वस्वी निर्धोक नव्हते. त्या वर्षांत जगात अनेक ठिकाणी या जातीच्या विमानांचे पंख हवेतच निखळून अपघात झाले होते. अशा विमानांनी, तेही रेडिओ आणि हवामानखात्याच्या नियमित मार्गदर्शनावाचून, टाटांच्या वैमानिकांनी पहिल्या पूर्ण वर्षात सुमारे १,६०,००० मैलांचे उड्डाण केले. या काळात १५५ प्रवासी आणि दहा टनांच्या आसपास टपाल वाहून नेण्यात आले आणि ६०,००० रुपयांचा नफा झाला. वक्तशीरपणाची नोंद शंभर टक्के होती. आस्थापना लहान ठेवणे हे या यशाचे मुख्य कारण होय: दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन यंत्रज्ञ एवढ्यांवर सारा कारभार चाले.

पुण्याचा पावसाळी तळ

जुहूचे मैदान समुद्रसपाटीला लागून असल्याने पावसाळ्यात पाण्याखाली जाई. भरतीचे पाणी आणि वरचा पाऊस यांमुळे तेथे चिखलाखेरीज काही उरत नसे. चार महिने सेवा बंद ठेवणे करारात बसणारे नव्हते. म्हणून पावसाळा आला की विमाने, वैमानिक आणि यंत्रज्ञ असा सगळा संसार उचलून पुण्याला हलविण्यात येई. सह्याद्रीच्या पूर्वेस असलेल्या पुण्यात मुंबईच्या मानाने जेमतेम तिसरा हिस्सा पाऊस पडतो आणि तेथील जमीन लवकर निथळते.

त्या काळी पुण्यात आजच्यासारखा विमानतळ नव्हता; लोहगावचा तळ पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला. टाटांना येरवडा येथील एका मैदानाचा वापर करण्याची परवानगी मिळाली. हे मैदान येरवडा कारागृहाच्या अगदी निकट होते. पहिल्या टपाल उड्डाणाच्या तीनच आठवडे आधी, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, महात्मा गांधी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यातील पुणे करार याच कारागृहात झाला होता, त्यामुळे येरवड्याचे नाव जगभर पोहोचले होते. त्याच तुरुंगाच्या छायेत देशातील एक हवाई सेवा पावसाळा काढत होती, ही गोष्ट पुण्याच्या इतिहासात फारशी नोंदली गेलेली नाही.

मैदानावरून नियमित सेवा चालविणे शक्य झाले ते विमानांच्या हलकेपणामुळे. बांधीव धावपट्टीची पस मॉथला गरज नसे. कठीण आणि खड्डे नसलेले गवत पुरे होई. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्याने हवा किंचित विरळ असते आणि विमानाला जमीन सोडण्यास थोडे अधिक अंतर लागते. वैमानिकाची खरी परीक्षा मात्र घाटावर होई. पावसाळ्यात सह्याद्रीचे माथे दिवसदिवस ढगात असतात. एका इंजिनाच्या विमानातून, खालची जमीन दिसत नसताना तो कडा ओलांडणे हे अनुभवी माणसासही जिवावरचे काम होते.

पुण्याशी आलेला हा संबंध महायुद्धात पुन्हा जुळला. पुण्यात विमाने बांधण्याचा कारखाना काढण्याची योजना टाटांनी आखली आणि व्हिन्सेंट त्यासाठी इंग्लंडला गेले. इ.स. १९४२ च्या आरंभी परत येत असताना त्यांचे विमान नाहीसे झाले. ब्रिटिश सरकारने पुढे योजनेचे स्वरूप बदलून ग्लायडर बांधण्याचे ठरविले आणि शेवटी तेही रद्द केले. पुण्यात विमाने बांधण्याचा टाटांचा हा प्रयत्न असा अपुराच राहिला.

विमानविद्येने घरातूनही किंमत घेतली होती. जे.आर.डी. यांचे धाकटे बंधू जमशेद हेही वैमानिक होते. इ.स. १९३६ मध्ये ऑस्ट्रियात झालेल्या विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. यानंतरही जे.आर.डी. यांनी स्वतः विमान चालविणे सोडले नाही.

एअर इंडिया

टपाल सेवेचे इ.स. १९३८ मध्ये टाटा एअरलाइन्स असे नामांतर झाले. इ.स. १९४६ मध्ये ती एअर इंडिया या नावाने सार्वजनिक भागभांडवलाची कंपनी झाली. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस या विमानाने मुंबई-लंडन सेवेस प्रारंभ झाला आणि त्या उड्डाणात जे.आर.डी. प्रवासी म्हणून होते. इ.स. १९५३ मध्ये सरकारने हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण केले. या निर्णयास जे.आर.डी. यांचा विरोध होता आणि आपल्याशी आधी सल्लामसलत झाली नाही याचे त्यांना दुःख होते. तरीही पंडित नेहरूंच्या आग्रहावरून त्यांनी सरकारी एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद स्वीकारले आणि पंचवीस वर्षे वेतनाशिवाय सांभाळले. विमानातील पडद्यांच्या रंगापासून चहाच्या चवीपर्यंत सर्व बारीकसारीक बाबींवर ते टिपणे लिहून पाठवीत.

१ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे सम्राट अशोक हे विमान मुंबईजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. पुढील महिन्यात मोरारजी देसाई सरकारने जे.आर.डी. यांना अध्यक्षपदावरून दूर केले. त्यांच्या जागी एअर चीफ मार्शल प्रतापचंद्र लाल यांची नेमणूक झाली. सरकारने त्यांना याची रीतसर पूर्वकल्पना दिली नव्हती. निर्णयाविरुद्ध एअर इंडियात आणि वृत्तपत्रांत तीव्र प्रतिक्रिया उमटली. इ.स. १९८० मध्ये इंदिरा गांधी सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतले, पण अध्यक्षपद त्यांच्याकडे पुन्हा आले नाही.

स्मृतिउड्डाणे

पहिल्या टपाल उड्डाणाला तीस वर्षे झाली तेव्हा, इ.स. १९६२ मध्ये, जे.आर.डी. यांनी कराची ते मुंबई हा प्रवास लेपर्ड मॉथ या विमानातून पुन्हा केला. हे विमान पस मॉथचेच पुढचे भावंड होते. सुवर्णमहोत्सवी वर्षी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, त्यांनी तोच मार्ग लेपर्ड मॉथमधून एकट्याने पार केला. मधल्या काळात कराची परदेशात गेले होते आणि जे.आर.डी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले होते. अहमदाबादला थांबून ते जुहूला उतरले.

सन्मान आणि निधन

भारतीय हवाई दलाने त्यांना इ.स. १९७४ मध्ये एअर व्हाइस मार्शल हा मानद हुद्दा दिला. विमान वाहतुकीतील कामगिरीसाठी टोनी जॅनस पुरस्कार (१९७९) आणि डॅनियल गुगेनहाइम पदक (१९८८) त्यांना मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. पॅरिसमधील पेर लाशेझ दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. ते संसदेचे सदस्य नसतानाही त्यांच्या सन्मानार्थ संसदेचे कामकाज तहकूब ठेवण्यात आले. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली.

जे.आर.डी. अध्यक्ष असलेल्या टेल्को कंपनीने इ.स. १९६० च्या दशकात पिंपरी-चिंचवड परिसरात आपला कारखाना उभारला. त्याच औद्योगिक पट्ट्यात, नाशिक फाटा येथे बांधलेल्या दुमजली पुलाला भारतरत्न जे.आर.डी. टाटा उड्डाणपूल असे नाव देण्यात आले आहे.